हॅमॉक टांगताना वजन नव्हे, ओढ मोजा

प्रश्न असा आहे: बैठकीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींत ३.६ मीटर अंतर आहे. एका बाजूला काँक्रीटचा कॉलम, दुसऱ्या बाजूला नुसती विटांची भिंत. बागेत एक चांगले जाड झाड आहे आणि त्याच्यासमोर साडेचार मीटरवर विटांचा सुटा खांब. बसणाऱ्याचे वजन जास्तीत जास्त १०० किलो. हॅमॉक कुठे टांगावा, हुक कोणता घ्यावा आणि किती उंचीवर बसवावा?

थोडक्यात सांगायचे तर घरात जमेल, पण विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून वर हुक फिरवण्याचा बेत सोडून द्या. बागेतले झाड चालेल. विटांचा खांब चालणार नाही, मग तो कितीही भक्कम दिसो. झाडासमोर वेगळा खांब रोवा किंवा स्टँड घ्या. यामागचे कारण एकच आहे आणि ते समजले की पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

ओढ कशी वाढते

हॅमॉकचे दोन दोर असतात, म्हणून १०० किलोच्या माणसाचे ५०-५० किलो दोन्हीकडे वाटले जातात असे वाटते. सरळ खाली येणारा भार तेवढाच असतो, हे खरे. पण दोर तिरपा असल्यामुळे तो आधाराला आतल्या बाजूलाही ओढतो, आणि ही आडवी ओढ दोराच्या कोनावर अवलंबून असते. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक दोरात १०० किलोचा ताण येतो. २० अंशांना तो १४६ किलो होतो, १० अंशांना २८८ आणि ५ अंशांना जवळजवळ ५७५ किलो. माणूस तोच, वजन तेच. फक्त हॅमॉक ताठ ओढून बांधला.

हॅमॉक ‘छान सपाट’ व्हावा म्हणून लोक दोर आवळत जातात आणि भिंतीतला हुक उपटतात, तो यामुळे. सपाट झोपायला मिळते ते दोर आवळून नाही, तर सैल टांगून तिरके झोपल्याने. शरीर हॅमॉकच्या मधल्या रेषेपासून १५ ते २० अंश तिरके ठेवले, डोके एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, की कापड पाठीखाली पसरते आणि पाठ सरळ राहते. त्यासाठी कापडात झोळ असावाच लागतो.

म्हणून ३० अंश हे माप धरा. हातात काही साधन नसेल तर अंगठा आणि तर्जनी पूर्ण ताणून काटकोन करा, तर्जनी आडवी आणि अंगठा वर. दोर तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकाकडे जात असेल तर कोन साधारण ३० अंश आहे. नेमके हवे असेल तर दोराच्या बाजूने आडवे एक मीटर मोजा. तेवढ्या अंतरात दोर ५८ सेंटिमीटर उतरला पाहिजे.

३० अंशांवरही आडवी ओढ ८७ किलो राहते. त्यात माणूस धपकन बसला की क्षणभर भार दुप्पट होऊ शकतो. मुलांनी उड्या मारल्या तर त्याहून जास्त. मी हिशेब करताना प्रत्येक टोकाला किमान २०० किलोची ओढ धरतो आणि प्रत्येक सुट्या भागाची तुटण्याची क्षमता त्याच्या पाचपट, म्हणजे १००० किलो, असावी असे पाहतो. भागांवर किलोन्यूटनमध्ये आकडा असतो. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो. त्यामुळे १० किलोन्यूटनच्या खाली तुटणारा पट्टा, कडी किंवा कॅराबिनर (स्प्रिंगच्या झडपेने बंद होणारी धातूची कडी) घेऊच नका. पाकिटावर लिहिलेला आकडा तुटण्याचा आहे की सुरक्षित वापराचा, हे वाचून घ्या. दोन्हींत बहुधा चार-पाच पटींचा फरक असतो. काहीच आकडा नसलेला भाग परत ठेवा.

उंची आणि अंतर

दोन्ही टोकांना गोळा होणाऱ्या, आडवी दांडी नसलेल्या हॅमॉकसाठी एक सोपा हिशेब आहे. कापडाच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के एवढे अंतर त्याच्या दोन टोकांमध्ये राहिले पाहिजे. ३.३ मीटरच्या हॅमॉकला ते पावणेतीन मीटरच्या आसपास येते. उरलेले अंतर दोर किंवा पट्टा भरून काढतो. आधाराची उंची अशी काढा: दोन आधारांमधल्या अंतराला ०.२९ ने गुणा आणि त्यात बसण्याची उंची मिळवा. बसण्याची उंची ४५ सेंटिमीटर ठेवा, खुर्चीएवढी. त्यापेक्षा उंच टांगण्यात फायदा काही नाही, पडण्याची उंची मात्र वाढते.

तुमच्या खोलीत ३.६ मीटर म्हणजे १०४ अधिक ४५, साधारण दीड मीटर. बागेत साडेचार मीटरला १३० अधिक ४५, म्हणजे पावणेदोन मीटर. अंतर तीन मीटरच असेल तर १३२ सेंटिमीटर पुरतात. अंतर त्याहून कमी असेल तर हॅमॉक खोल वाकतो आणि गुडघे अवघडतात. ओढ मात्र वाढत नाही, त्यामुळे धोका नाही, गैरसोय आहे. उलट, साडेपाच मीटरच्या पुढे आधार दोन मीटरवर जातो आणि शिडी लागते. तेव्हा ‘हाताला येईल तिथे’ बांधण्याचा मोह होतो आणि कोन पुन्हा बिघडतो.

सुती हॅमॉक पहिल्या काही दिवसांत ताणून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली येतो. म्हणून एक टोक तरी सहज लहान-मोठे करता येईल असे ठेवा. दोन्हीकडे साखळी किंवा घरे (ओळीने शिवलेले फासे) असलेला पट्टा असेल तर उत्तम.

दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेल्या हॅमॉकची गोष्ट वेगळी. तो चापून आणि सपाट टांगतात, त्यामुळे ओढ जास्त. शिवाय झोपणाऱ्याचे वजन कापडाच्या वर राहते, झोळात उतरत नाही, म्हणून तो चटकन पालथा होतो. घरात, कठीण फरशीवर, तो मी सुचवत नाही.

भिंतीत नक्की काय आहे ते आधी ओळखा

बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर जिप्समचे पार्टिशन, पोकळ ब्लॉक किंवा सुटलेला गिलावा. भरीव आवाजाने खात्री पटत नाही, कारण वीट आणि काँक्रीट दोन्ही भरीव वाजतात. खरे उत्तर ड्रिलची भुकटी देते. ज्या जागी नंतर बोल्टच बसणार आहे त्या जागी ६ मिलिमीटरच्या बिटने आधी छोटे भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिले १२ ते २० मिलिमीटर गिलाव्याची राखाडी, मऊ भुकटी येईल. त्यापुढे लाल भुकटी आली तर वीट. राखाडी बारीक पूड आली, मशीन हळू पुढे सरकू लागले आणि मधूनच खडी लागल्याचा करकर आवाज आला तर काँक्रीट. बिट लोण्यात शिरल्यासारखे आत गेले आणि पांढुरकी किंवा फिकट राखाडी, हलकी पूड आली तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक बुडबुड्यांनी हलका केलेला सिमेंटचा ब्लॉक. त्यात हॅमॉकचा बोल्ट थेट लावू नका. बिट अचानक आत ढकलले गेले तर ब्लॉक पोकळ आहे.

भोक पाडण्याआधी वायर आणि पाइप कुठून जातात ते बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत ड्रिल करायचे नाही. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचा पाइप असू शकतो. वायर शोधणारे यंत्र मिळाले तर वापरा, पण त्याच्या शांततेवर पूर्ण विसंबू नका.

कॉलमची बाजू

काँक्रीटचा कॉलम हा घरातला सगळ्यांत चांगला आधार. तो मोकळा, चारही बाजूंनी दिसणारा असेल तर ड्रिलही नको. ५ सेंटिमीटर रुंद पट्टा त्याच्याभोवती गुंडाळा आणि कोपऱ्यांवर जाड कापड घाला. तो घसरू नये म्हणून दोन वेढे द्या.

भिंतीत अर्धा बुडालेल्या कॉलमला १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा, फुगून धरणारा अँकर बोल्ट लागतो. क्रम असा:

१. कॉलमची रुंदी मोजून बरोबर मध्यरेषा काढा. कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या किमान दहापट अंतर हवे, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटर. कॉलम २३ सेंटिमीटर रुंद असेल तर मध्यच पकडावा लागतो; इकडेतिकडे सरकायला जागा नसते. कडेजवळ फुगलेला बोल्ट काँक्रीटचा कोपरा फोडतो.

२. बोल्टच्या पाकिटावर दिलेल्या व्यासाचेच भोक पाडा. काही प्रकारांत भोक बोल्टएवढेच असते, काहींत बाहेरच्या नळीएवढे, म्हणून अंदाज चालत नाही. १० मिलिमीटरच्या बोल्टला काँक्रीटच्या आत निदान ६० मिलिमीटर पकड हवी. गिलाव्याची जाडी यात मोजायची नाही. ती वेगळी धरा. भोक त्याहून १०-१५ मिलिमीटर जास्त खोल ठेवा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा.

३. बिट लोखंडाला लागले तर लगेच थांबा. आत २५ ते ४० मिलिमीटरवर सळया असतात. सळई कापायची नाही. पाच-सहा सेंटिमीटर वर किंवा खाली सरका आणि जुने भोक न आकसणाऱ्या सिमेंट ग्राउटने भरा.

४. भोकातली पूड काढा: हवा मारा, ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा. ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते आणि बोल्ट निसटण्याचे ते मोठे कारण असते. भुकटीवर फुगलेला बोल्ट काँक्रीटला धरत नाही, भुकटीला धरतो. बसवताना घट्ट वाटतो आणि ओढ आली की सरकतो.

५. बोल्ट हातोड्याने आत बसवा, वॉशर आणि नट लावा, पाकिटावर दिलेल्या टॉर्कएवढाच (आवळण्याच्या पिळाएवढाच) आवळा. पान्ह्याला पाइप लावून जास्त आवळले तर आटे ताणले जातात किंवा आतली पकड तुटते.

बोल्टवर काय लावायचे ते महत्त्वाचे. उघडा हुक नको. तार वाकवून केलेली, टोक जोडलेले नसलेली कडी नको. भार आला की ती हळूहळू उघडते, आणि ते डोळ्यांना सहज दिसत नाही. ठोकून घडवलेला किंवा पूर्ण वेल्ड केलेला बंद आय बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट) घ्या, नाहीतर चार भोकांची जाड प्लेट, जिच्यावर कडी वेल्ड केलेली असते. माझी पसंती प्लेटला. ती दोन किंवा जास्त बोल्टांवर भार वाटते, आणि एक बोल्ट सैल झाला तरी माणूस लगेच खाली येत नाही. अरुंद कॉलमवर उभी, दोन बोल्टांची प्लेट लावा. दोन बोल्टांत दहा-बारा सेंटिमीटर अंतर राहू द्या.

कॉलम भिंतीच्या पुढे आलेला असेल तर बोल्ट समोरच्या बाजूला लावण्याऐवजी त्याच्या बगलेच्या बाजूला लावता येईल का ते पाहा. तिथे ओढ बोल्टला बाहेर उपसत नाही, आडवी कापू पाहते, आणि पोलादी बोल्ट ते चांगले सोसतो. मात्र कडेपासूनचे अंतर इथेही सांभाळायचे.

विटांची बाजू

खरी अडचण इथे आहे. विटांची भिंत वरून दाब घ्यायला बांधलेली असते. तिला कुणी आडवे ओढेल हे बांधताना धरलेले नसते. बोल्ट टिकला तरी वीटच मसाल्यासकट बाहेर येऊ शकते.

भिंत साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची, असेल तर तिच्यात कोणताही बोल्ट लावून हॅमॉक टांगू नका. केमिकल अँकरही (भोकात रेझिनने चिकटवलेला बोल्ट) नाही. बोल्ट रेझिनमुळे विटेत पक्का बसतो, पण वीट भिंतीत तेवढी पक्की नसते.

भिंत नऊ इंची, भरीव विटांची, वर बीम किंवा स्लॅब टेकलेली असेल आणि दारा-खिडकीच्या कडेपासून किमान ६० सेंटिमीटर लांब जागा मिळत असेल, तर आरपार बोल्ट हा चांगला मार्ग. १२ मिलिमीटरचा आटेदार रॉड भिंतीतून पलीकडे न्या. मागे १५ × १५ सेंटिमीटर आणि ६ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट लावा, पुढेही तशीच. आता ओढ एका विटेवर न येता मागच्या प्लेटखालच्या सगळ्या विटांवर दाब म्हणून पडते, आणि दाब हीच विटेची ताकद. भोक बाहेरच्या भिंतीत निघत असेल तर ते बाहेरून अर्धा सेंटिमीटर खालच्या बाजूला उतरते ठेवा आणि प्लेटभोवती सीलंट भरा, नाहीतर पाणी आत येईल.

अर्ध्या विटेची भिंत असेल तर त्या भिंतीच्या दोन्ही टोकांना कॉलम आहेत का पाहा; बहुतेक काँक्रीट चौकटीच्या इमारतींत असतात. तसे असेल तर ७५ × ५० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बॉक्स पाइप भिंतीवर आडवा, कॉलमपासून कॉलमपर्यंत बसवा आणि दोन्ही टोकांना कॉलममध्येच बोल्ट मारा. पाइपची ७५ मिलिमीटरची बाजू ओढीच्या दिशेत, म्हणजे भिंतीपासून पुढे आलेली, ठेवायची. उलटी ठेवली तर पाइप बराच जास्त लवतो. तीन मीटरच्या अंतरापर्यंत हा पाइप एका हॅमॉकला पुरतो. कडी पाइपला वेल्ड करून घ्या. भिंतीवर आता काहीच भार येत नाही.

याहून सोपा पर्याय बऱ्याचदा डोळ्यांसमोर असतो: खोलीचा कर्ण. कॉलम कोपऱ्यांत असतात. तीन मीटर चौरस खोलीचा कर्ण सव्वाचार मीटर भरतो, त्यात हॅमॉक आरामात मावतो आणि दोन्ही टोके काँक्रीटला लागतात. तुमच्या खोलीत तिरक्या कोपऱ्यात दुसरा कॉलम असेल तर मी हेच करेन. ओढ कॉलमच्या पृष्ठभागाशी तिरपी येईल, म्हणून इथे साधा आय बोल्ट न लावता प्लेटच लावा.

लाकडी चौकटीवर बोर्ड ठोकलेल्या भिंतीत आटेदार कडी उभ्या लाकडाच्या अगदी मध्यात जायला हवी, भरीव लाकडात निदान ६५-७५ मिलिमीटर. १० मिलिमीटरच्या आट्याला आधी मऊ लाकडात ६ ते ७ मिलिमीटरचे भोक पाडा; न पाडता फिरवली तर लाकूड चिरते. दोन-तीन उभ्या लाकडांवर आडवी जाड फळी बोल्ट करून तिच्यावर कडी लावणे जास्त बरे. नुसत्या बोर्डात काहीही टिकत नाही.

गॅलरीचा कठडा, गच्चीची पॅरापेट भिंत, खिडकीचे ग्रिल, दाराची चौकट, जिन्याचे रेलिंग: यांतले काहीही नको. गच्चीवर आणि भाड्याच्या घरात स्टँड घ्या.

छताला टांगायचे असेल तर

दोन टोकांच्या हॅमॉकसाठी छत ही वाईट जागा आहे. छतातला बोल्ट सरळ खाली येणाऱ्या भारासाठी असतो, आणि हॅमॉकचा दोर त्याला उभ्या रेषेपासून ६० अंश तिरका ओढतो. आय बोल्टची क्षमता तिरप्या ओढीत झपाट्याने घटते. खांद्याच्या (कडीखाली रुंद बूड असलेल्या), घडवलेल्या आय बोल्टचीसुद्धा ४५ अंशांना एक तृतीयांशही उरत नाही. मधे उभी साखळी सोडूनही हे टळत नाही, कारण भार आला की साखळी दोराच्याच रेषेत तिरकी होते. छताशिवाय इलाज नसेल तर बीमला चार बोल्टांची प्लेट लावा आणि बोल्ट तडा गेलेल्या काँक्रीटसाठी प्रमाणित असलेलेच घ्या. स्लॅबची खालची बाजू ताणाखाली असते, तिथे बारीक तडे असणारच, आणि साधा फुगणारा बोल्ट अशा तड्यात सैल पडतो. पोकळ ब्लॉकच्या किंवा ताण दिलेल्या केबलच्या स्लॅबमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. फॉल्स सीलिंगला काहीच टांगायचे नाही.

एका दोरावरची झुलती खुर्ची मात्र छताला चालते, कारण तिची ओढ जवळजवळ सरळ खाली असते. वर फिरणारी कडी लावा, नाहीतर दोर पिळला जाऊन बोल्ट उलटा फिरत सुटतो. चहूबाजूंनी मीटरभर जागा मोकळी ठेवा.

विटांचा खांब का नको

फाटकाचा किंवा कुंपणाचा सुटा खांब घ्या: ३५ सेंटिमीटर चौरस, दीड मीटर उंच. त्याचे वजन साधारण ३५० किलो. एवढे वजन पाहून माणूस निर्धास्त होतो. पण खांब उलटताना त्याचे वजन फक्त निम्म्या रुंदीच्या तरफेने, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरने, विरोध करते. ३५० किलो गुणिले ०.१७५ मीटर म्हणजे ६१ ‘किलो गुणिले मीटर’. हॅमॉक १.४ मीटर उंचीवर ८७ किलोने ओढतो, म्हणजे त्याच मापात १२२. उलटवणारे बळ सावरणाऱ्या वजनाच्या दुप्पट आहे. तरीही खांब पहिल्या दिवशी पडत नाही, कारण पायथ्याच्या सांध्यातला मसाला त्याला धरून ठेवतो. त्या मसाल्याला प्रत्येक झोक्यात थोडाथोडा तडा जातो, आणि एक दिवस पूर्ण खांब आतल्या बाजूला, झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर येतो. पळायला वेळ नसतो, कारण माणूस आडवा असतो. अशा खांबांखाली सापडून मुलांचे जीव गेले आहेत. आत सळई आणि काँक्रीट असलेला, पायापर्यंत बांधलेला खांब वेगळा. पण बाहेरून ते ओळखता येत नाही, म्हणून बांधकामाची खात्री नसेल तर नाहीच धरा.

झाड

बांधण्याच्या उंचीवर खोडाचा घेर किमान ६३ सेंटिमीटर असावा, म्हणजे व्यास २० सेंटिमीटर होतो. मोठ्या माणसांसाठी त्याहून जाड असेल तर बरे. वर बघा: वाळलेल्या फांद्या, नारळ, जड फळे डोक्यावर येत असतील तर ती जागा नको. खोडावर बघा: पोकळी, सोललेली साल, अळंबीसारखी बुरशी, भुग्याचे ढीग. खाली बघा: एका बाजूची माती उचललेली किंवा मुळांजवळ भेग. यांतले एक जरी दिसले तरी दुसरे झाड शोधा. केळ आणि पपई ही हॅमॉक टांगण्याजोगी झाडेच नव्हेत. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते.

दोरी थेट बांधू नका, खिळा किंवा हुकही नको. खोडाचा अन्नरस सालीच्या लगतच्या थरातून वाहतो आणि बारीक दोरी तो थर चिरडते. किमान २५, शक्यतो ५० मिलिमीटर रुंद पॉलिस्टरचा पट्टा वापरा आणि वापर झाला की सोडून ठेवा. नायलॉनचा पट्टा ओला झाला की लांबतो आणि रात्रीच्या दवानंतर हॅमॉक जमिनीला टेकतो. साधी पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हात लवकर ठिसूळ होते.

झाडासमोर रोवायचा खांब

बाहेरचा व्यास ९० मिलिमीटरच्या आसपास आणि जाडी ४ मिलिमीटर असलेला गॅल्वनाइज्ड पाइप, किंवा किमान १२.५ सेंटिमीटर चौरस, जमिनीत टिकेल असे प्रक्रिया केलेले लाकूड. दहा सेंटिमीटरचे लाकूड काठावरचे आहे, मी ते घेत नाही. खड्डा ४० × ४० सेंटिमीटर आणि एक मीटर खोल. तळाला १० सेंटिमीटर खडी, म्हणजे पाणी साचणार नाही. वर ९० सेंटिमीटर काँक्रीट. १ : १.५ : ३ असे सिमेंट, वाळू, खडी धरले तर एका खांबाला ५० किलोची एक पूर्ण गोणी आणि वर आठ-दहा किलो सिमेंट लागते. माती भुसभुशीत किंवा चिकण असेल तर खड्डा आणखी २० सेंटिमीटर खोल घ्या. ओळंब्याने खांब उभा करा, वरचे टोक हॅमॉकच्या उलट दिशेला तीन-चार सेंटिमीटर झुकलेले राहू द्या. काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा.

आठवडाभर पाणी मारा. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण यायला २८ दिवस लागतात. घाई असली तरी दोन आठवडे हात लावू नका. कोवळ्या काँक्रीटमध्ये हललेला खांब पुन्हा घट्ट होत नाही.

जोडणी, गाठी, चाचणी

किल्ल्या अडकवायचा कॅराबिनर आणि गिर्यारोहणाचा कॅराबिनर दिसायला सारखे असतात. दुसऱ्याच्या अंगावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो, बहुधा २० किंवा जास्त. एस-हुक कुठेही नको. हॅमॉक रिकामा झुलतानाही तो निसटतो. गाठ मारली की दोराची ताकद ३० ते ५० टक्के कमी होते, आणि गुळगुळीत, अतिमजबूत दोरात साधी गाठ सरळ सरकते. म्हणून बकलचा किंवा शिवलेल्या घरांचा पट्टा बरा. दोरच असेल तर ८-१० मिलिमीटरचा विणीचा पॉलिस्टर घ्या आणि गाठीपुढे हातभर शेपूट सोडा.

चाचणी घेताना आधी हाताने लोंबकळा, मग हळूच बसा. त्यानंतर दोन मोठी माणसे मध्यभागी शेजारी बसून पाच मिनिटे हळूहळू झुलू द्या. हॅमॉक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या वर नसावा. उतरल्यावर प्लेटच्या कडेने गिलाव्यावर केसासारखी भेग आली का, वॉशर आणि भिंत यांत कागद शिरतो का, ते टॉर्च तिरपा धरून बघा.

हॅमॉकखालची जागा मोकळी हवी आणि दोन्ही बाजूंनाही दीड मीटर मोकळे हवे. टेबलाचा कोपरा, कुंडी, दगडी कड यांवर पडणे फरशीवर पडण्यापेक्षा फार वाईट. बसताना हॅमॉककडे पाठ करा, कापड दोन्ही हातांनी पसरा, मध्यभागी बसा आणि मगच पाय वर घेऊन तिरके व्हा. गुडघा टेकवून चढू नका.

मुले

बाळाला हॅमॉकमध्ये झोपवू नका, थोड्या वेळासाठीही नाही. वाकलेल्या कापडात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. बाळाला सपाट, घट्ट गादी लागते. आडवी दांडी नसलेले बारीक जाळीचे छोटे हॅमॉकही मुलांच्या घरात नको. चढता-उतरताना जाळी पिळून गळ्याभोवती आवळली गेल्याने मुलांचे मृत्यू झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ३० लाख हॅमॉक परत मागवण्यात आले. कापडी हॅमॉक घ्या, आणि कुणी मोठे जवळ नसेल तेव्हा तो एका टोकाने सोडून वर टांगून ठेवा.

महिन्यातून एकदा

बोल्ट बसवताना नट, वॉशर आणि प्लेट यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढे ती रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. कडी आणि कॅराबिनर जिथे एकमेकांवर घासतात तिथे नखाने चाचपा. खाच जाणवली तर दोन्ही बदला. पट्ट्याचा रंग उडून धागे हाताला पावडरीसारखे लागू लागले तर उन्हाने तो खाल्ला आहे, दिसायला धड असला तरी. बागेतला हॅमॉक पावसाळ्यात काढून कोरडा ठेवा. सुती असेल तर गोळा झालेल्या टोकांच्या आत बुरशीचे काळे ठिपके पाहा, कापड तिथूनच फाटते. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका.

रेघ तुटलेली दिसल्यावर नुसता नट पुन्हा आवळून पुढे जाऊ नका. आवळताना नट फिरतच राहिला आणि बोल्टचे आटे बाहेर येत गेले तर आतली पकड गेलेली असते. तो बोल्ट काढा, भोक भरा आणि किमान बारा सेंटिमीटर अंतरावर नवे भोक घ्या.